सरदार घैसास यांच्या बिनइंजिनाच्या स्वारीची हकीकत

श्रीगजवदनास नमन, आणि ज्याच्या बळे घार पंख न हलविता तरंगते त्या वायुदेवास दोनदा नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी, आदित्यवारी वर्तमान जाहले ते ऐसे जे, एक राज्य होते, नाव पुसू नये, त्याचे हवाई दळातील नामांकित सरदार मुकुंदराव घैसास यांनी सारी उमर लढाऊ विमानांवर काढिली, आवाजास मागे टाकून उडाले, आणि मग निवृत्त होऊन घरी बसले, आणि बसवेना. उमाबाई फोडणी देत तो मागे उभे राहून "आच उतरवा, आता वळवा" ऐसे हुकूम सोडू लागले. तेव्हा उमाबाई, ज्या त्या घरच्या खऱ्या सेनापती, कडाडल्या, "अहो, पोरवयात ते बिनइंजिनाचं विमान उडवत होतात ना? जा की तिकडे! माझ्या कढईवर नका घिरट्या घालू." मसलत मानवली, आणि स्वारी गावाबाहेरील ग्लायडरच्या मैदानी दाखल जाहली.

तेथील कारभार वैदेही ढमढेरे नामे शिक्षिकेकडे, सरदारांच्या लेकीहून लहान, परंतु दरारा ऐसा की वाऱ्यानेही विचारून वाहावे. तिची शर्त एकच, की तापल्या भुईवरून गरम वारा वर चढतो त्यात विमान टिकवून दाखवावे, तरच एकट्यास सोडीन. आणि सरदारांस तर एकट्यानेच जावयाचे होते! सोळाव्या वर्षी पहिल्याने एकटे उडाले तेव्हाचा आनंद पुढे कोणत्याच वेगात गवसला नव्हता; तो अजून आहे की गेला, एवढेच पाहणे होते.

मग वैदेही मागल्या आसनी बसली, आणि विमानास जोडिलेला तारदोर भुईवरील चरखीने ओढिला, आणि विमान पतंगासारखे चढले, आणि दोर सुटताच सरदार सवयीने निघाले ते तीरासारखे सरळ! गरम वारा मागे राहिला, विमान उतरू लागले, तो सरदारांचा डावा हात, लढाऊ विमानात इंजिनाचा जोर वाढविणारा दांडा जेथे असे, तेथला ब्रेकचा दांडा आपसूक पुढे रेटू लागला.

"सर, काय ढकलताय?"

"जोर देतोय."

"कशाला?"

चहा उकळण्याआधी विमान भुईवर. वर आणिक हे की, स्वारी खाली उतरून हात मागे बांधून उभी, की कोणी येईल आणि विमान नेईल. "सर, इथं उडवतो तोच ढकलतो. लावा हात!" मग ज्यांस पलटणी सलाम करीत त्यांनी भर उन्हात विमान ढकलिले, आणि खरे सांगावयाचे तर मजाच आली.

दुसऱ्या खेपेस तोच प्रकार. तिसऱ्या खेपेस वैदेही म्हणाली, "ती घार बघा. तिच्याबरोबर वळा."

"शेपटीला लागणं मला येतं हो!"

"लागायचं नाही, सर. तिला पाडायची नाहीये. शेजारी राहायचं."

हे ऐकून सरदार इतके हसले की मूठ सैल जाहली, आणि सैल मुठीने विमान असे काही हलकेच वळले, आणि घार वळली, आणि मग विमान वळत वळत वर, वर, वर! उतरल्यावर वैदेहीने मागल्या रिकाम्या आसनाचे पट्टे बांधिले आणि म्हणाली, "जा."

आणि सरदार एकटे गेले. इंजिन नाही, हुकूम नाही, नुसता वारा. दोन घारींनी सरकून जागा दिली. आणि तो आनंद? होता तेथेच होता. फक्त मधल्या काळात सरदारांस टक्कल पडले होते. इतक्यात रेडिओवर वैदेही, "सर, उतरा, बाकीचे खोळंबलेत!" "आलो, आलो," ऐसे म्हणून सरदारांनी आणिक एक फेरी मारिली.

आदित्यवारची भाजी आणणे सरदारांकडे, म्हणून शोधीत आलेल्या उमाबाई रिकामी पिशवी घेऊन खाली उभ्या. "एवढा वेळ कुठवर गेला होतात?"

"कुठेच नाही गं. इथेच होतो, वर."

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. मुलूख जिंकिला नाही, शत्रू पाडिला नाही, आणि यापुढे दर आदित्यवारी भाजी उमाबाईंनीच आणावी, ऐसे ठरले.