पहिली निवड घारपुऱ्यांची

"अभिनंदन! समज, तुझी टीम गेल्या वर्षी सगळ्यांत वाईट खेळली!"

सिंगापुरात माझ्या दारात उभं राहून कुणी मराठीत बोललेलं हे पहिलं वाक्य. बोलणारे गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचे होते. अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात शाळेतल्या पीटीच्या सरांसारखं स्टॉपवॉच आणि हातात झाकलेला डबा. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मी डबा घेतला आणि विचारलं, "कुठली टीम?"

"ते महत्त्वाचं नाही. वाईट खेळली हे महत्त्वाचं. आता पहिली निवड तुझी! चल, ऑन द क्लॉक!" आणि त्यांनी खरोखरच स्टॉपवॉच सुरू केलं.

हे वसंतराव घारपुरे. तोआ पायोह या वस्तीत आमच्याच मजल्यावर चार दारं सोडून राहायचे. तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होते. गेल्याच आठवड्यात मी पाच वर्षांच्या रेवाला घेऊन पुण्याहून आले होते, आणि चौथ्या दिवशी माझा नवरा श्रीकांत बोट गाठायला निघून गेला होता. त्याची नोकरीच तशी होती. महिन्यातले वीस दिवस तो कुठल्या तरी बंदरात असायचा. मजल्यावर बाकी सगळे चिनी शेजारी. ते हसून मान हलवत, मीही हसून मान हलवी, की झालं दिवसभराचं बोलणं. हे गृहस्थ जरा सटकलेले आहेत हे कळूनही मी त्यांना आत बोलावलं ते त्यामुळे.

घारपुरेकाकांना वेड होतं अमेरिकन फुटबॉलचं. छे, चुकले. फुटबॉलचं नव्हेच. तो खेळ त्यांनी धड पाहिलाही नव्हता. यार्डातल्या हँक नावाच्या अमेरिकन साहेबाने एकदा त्यांना सामन्याची टेप लावून दिली, तर दहा मिनिटांत काका खुर्चीत घोरायला लागले. त्यांना वेड होतं ते त्या खेळाच्या ड्राफ्टचं, म्हणजे वर्षातून एकदा नवे खेळाडू वाटून घेतात त्या समारंभाचं. हँक आपली जुनी मासिकं त्यांना द्यायचा. ती तीन-तीन महिने शिळी असत. काका ती सकाळच्या पेपरसारखी वाचायचे आणि भेटेल त्याला समजावून सांगायचे.

मला त्यांनी ड्राफ्ट समजावला तो तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत. त्यांनी चार टेबलांवरच्या मिरचीच्या बशा गोळा करून रांगेत मांडल्या. "या चार टीम. गणित नीट समजून घे. दरवर्षी कॉलेजातून नवी पोरं बाहेर पडतात." मग शेजारी टूथपिकांचा ढीग ओतला. "ही पोरं. आता यातलं उत्तम पोरगं कुणाला मिळावं?"

"जिंकलेल्या टीमला," मी म्हटलं.

"चूक! हीच तर मजा आहे! सगळ्यांत वाईट खेळलेल्या टीमला. शेवटचा नंबर आला, की निवडीत पहिला नंबर. विजेता सगळ्यांत शेवटी. अशी एक फेरी झाली, की त्याच क्रमाने दुसरी, मग तिसरी. का? तर हरलेला कायमचा हरलेला राहू नये म्हणून! आपल्याकडे आहे का अशी सोय कुठे?"

प्रत्येक निवडीला वेळ ठरलेला. घड्याळ लावतात, तेच ते 'ऑन द क्लॉक'. एखाद्या टीमला आपली पाळी नको असेल तर ती दुसरीला देऊन बदल्यात दुसरं काही घेता येतं, त्याला ट्रेड म्हणायचं. आणि निवडलेल्या पोराचं पूर्ण नाव सगळ्यांसमोर मोठ्याने पुकारायचं. मग तो पोरगा टीमची टोपी घालून फोटो काढून घेतो. "पूर्ण नाव!" काका एक टूथपिक उंच धरून म्हणाले. "हजार लोकांत! त्या पोराला काय वाटत असेल, सांग!"

एवढ्यात ज्याच्या बशा पळवल्या होत्या तो दुकानदार येऊन उभा राहिला. "अंकल, यू ईटिंग ऑर प्लेइंग? कस्टमर वाँट चिली लाह!"

"वन मिनिट. थर्ड टीम इज ऑन द क्लॉक," काका म्हणाले. तो चार टीम उचलून घेऊन गेला.

"पण गोल किती मार्कांचा असतो यात?" मी विचारलं.

"ते नंतर बघू," काका म्हणाले. ते नंतर कधीच आलं नाही.

हे सगळं गमतीचं असलं तरी त्या दिवसांत माझं मन सिंगापुरात रमत नव्हतं. मी आईला पत्रात लिहून टाकलं होतं की जूनमध्ये रेवाला घेऊन कायमची परत येते. श्रीकांतला सांगायचं तेवढं बाकी होतं.

एप्रिलमध्ये तिथल्या मराठी मंडळींची सहल असायची. ईस्ट कोस्टला, समुद्राकाठी, सुरूच्या झाडांखाली. काका मला आणि रेवाला जवळजवळ धरूनच घेऊन गेले. मी गेले, आणि दुसऱ्याच मिनिटाला मला पळून जावंसं वाटलं. पन्नासएक माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी. रस्सीखेच, लगोरी, लिंबू-चमचा असे खेळ होणार होते आणि त्यासाठी चार टीम पाडायच्या होत्या. मी रेवाचा हात धरून मागे उभी राहिले. शाळेतही मला कुणी घ्यायचं नाही, ते आठवलं.

टीम पाडायची पद्धत काकांनी सगळ्यांच्या गळी उतरवलेली होती. चार कप्तान, गेल्या वर्षी शेवटचा आलेला कप्तान पहिला निवडणार, तीन मिनिटांचा वेळ, आणि यार्डातून आणलेला भोंगा. टोपीच्या जागी यार्डातलंच पिवळं हेल्मेट. गेल्या वर्षी शेवटचे कोण आले होते? काका. त्याच्या आदल्या वर्षी? काकाच. रांगेत पुढे खांडेकर उभा होता. सहा फूट उंच, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला, एकटा अख्खी रस्सी ओढेल असा. तो छाती काढून म्हणाला, "काका, या वर्षी तरी घ्या मला. जिंकायचंय की नाही?"

काकांनी भोंगा तोंडाला लावला. "पहिल्या फेरीतली पहिली निवड. मेधा श्रीकांत जोशी!"

मला वाटलं, या नावाची दुसरी कुणी असेल. मग सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि फोटो काढला. रेवा किंचाळली, "आई, यू नंबर वन!" माझे डोळे भरून आले ते हेल्मेटच्या कडेखाली लपले, हे बरं झालं.

माझ्या हातून लगोरी फुटली नाही, चमच्यातलं लिंबू तिसऱ्या पावलाला पडलं. आम्ही सपाटून हरलो. "काही हरकत नाही," काका म्हणाले. "ड्राफ्टमध्ये आजचा खेळ बघत नाहीत, पाच वर्षांनंतरचा बघतात." पण त्या संध्याकाळपर्यंत चार बायकांनी मला घरचे पत्ते दिले होते. जूनमध्ये मी पुण्याला गेले खरी, पण परतीचं तिकीट काढून.

काका दरवर्षी का हरतात हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. त्यांच्या घरी एक वही होती. तीत प्रत्येक सहलीतली त्यांची पहिली निवड लिहिलेली. मी ती चाळली आणि चकित झाले. एकही नाव खेळणाऱ्याचं नव्हतं. प्रत्येक नाव त्या वर्षी सिंगापुरात नव्याने आलेल्या माणसाचं होतं. नवख्या माणसाला पहिलं घ्यायचं, म्हणून हरायचं, आणि हरले म्हणून पुढच्या वर्षी पहिली निवड पुन्हा यांची. बाकीचे त्यांना वेडा कप्तान म्हणत होते.

मी विचारलं तेव्हा काका बराच वेळ स्टॉपवॉच चालू-बंद करत राहिले. मग म्हणाले, "तुझी काकू इथे आली ना, त्या वर्षीची सहल. तेव्हा दोनच टीम पाडायचे. एक कप्तान मी. सगळे उभे, त्यात ती. नवी साडी नेसलेली. चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं गं? घरात तरी कुठे घेत होतो! अगं, ऐकलंस का, एवढ्यावरच संसार. मला वाटलं, दुसरा कप्तान घेईल. त्याला वाटलं, घारपुऱ्यांची बायको, घारपुरेच घेतील. शेवटी ती एकटी उरली. मीच म्हटलं, तू स्कोअर लिही."

"मग?"

"लिहिला. मोत्यासारखं अक्षर तिचं. नंतर ती कुठल्याच सहलीला आली नाही. दोन वर्षांनी मुलाच्या शाळेचं निमित्त झालं आणि सांगलीला गेली. तिथे शाळेत शिकवते. भांडण नाही काही. मी वर्षातून एकदा जातो." त्यांनी वहीच्या मागून त्याच मोत्यासारख्या अक्षरातला एक पिवळा पडलेला कागद काढला आणि लगेच परत ठेवला.

पुढे सत्त्याण्णव साली काकू शाळेतून निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांसाठी सिंगापूरला आल्या. सहलीला यायलाही हो म्हणाल्या. आदल्या दिवशी काका माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. त्या वर्षी नाशिकची एक मुलगी नवीन आली होती, नेहा पाटील, कुणाशी फारशी बोलत नसे. "पहिली निवड एकच असते, मेधा. काय करू?"

मी आता कप्तान होते आणि गेल्या वर्षी खालून दुसरी आले होते. "दुसरी निवड माझी आहे ना, काका. नेहाला मी घेते. ट्रेड."

"बदल्यात काय घेशील?"

"खिचडी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुरूच्या झाडाखाली जमलो, तर काकू टेबलापाशी जाऊन बसलेल्या. समोर कागद, हातात पेन्सिल. कुणी सांगितलं नव्हतं. "मी स्कोअर लिहिते," त्या सहज म्हणाल्या.

काकांनी स्टॉपवॉच सुरू केलं आणि भोंगा तोंडाला लावला. आवाज फुटेना. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. खांडेकर आशेने एक पाऊल पुढे आला. रेवा मोठ्याने म्हणाली, "काका, टाइम फिनिशिंग, लाह!" कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि "उखाणा! उखाणा!" असा गलका झाला.

काकांनी भोंगा खाली ठेवला. "पहिल्या फेरीतली पहिली निवड," ते म्हणाले. "कुमुदिनी वसंत घारपुरे."

गलका एकदम थांबला. काकूंनी वर पाहिलं. त्यांच्या हातातली पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली होती. काका हेल्मेट घेऊन त्यांच्यापर्यंत चालत गेले आणि ते हातात धरून उभे राहिले.

"ते घड्याळ बंद करा आता," काकू म्हणाल्या. "किती वेळ लावलात."

मग त्यांनी अंबाड्यावरचा गजरा सांभाळत हेल्मेट घातलं. दुसरी निवड मी पुकारली, "नेहा पाटील!" खांडेकरने कपाळावर हात मारला.

आम्ही दोघंही कप्तान त्या वर्षी सपाटून हरलो. किती गुणांनी ते आजही नक्की सांगता येत नाही, कारण काकूंच्या हातातली पेन्सिल घेऊन त्या दिवशी स्कोअर काकांनी लिहिला, आणि त्यांचं अक्षर कुणालाच लागत नाही.