हबीबबाबूंचा जून

आमच्या ऑफिसातला शिपाई देवराव एका सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. त्याला मुलगी झाली होती. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, कुणी नाव सुचवलं, कुणी आईची तब्येत विचारली. हबीबबाबूंनी मात्र पेढा एका हातात तसाच धरला, दुसऱ्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं आणि जाहीर केलं, "दोन हजार चारचा जून. पयली. जागा धरून ठेवतो गा देवराव, तू बेफिकीर राय."

मुलगी तेव्हा तीन दिवसांची होती.

"बाबूजी, तिनं डोळे बी नीट उघडले नाई अजून," देवराव म्हणाला.

"उघडू दे आरामात. पन जूनच्या आत."

कुरखेड्याच्या बाजूला, अर्धं धानात आणि अर्धं जंगलात असं एक तालुक्याचं गाव आहे. तिथल्या शिक्षण विभागात हबीबबाबू मोठे बाबू होते. मी सांगलीकडची. विस्तार अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक तिथे झाली, तेव्हा कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्ची पुसून दिली, पंख्याचं बटण कुठलं ते दाखवलं आणि म्हणाले, "बाई, तुमी फक्त सही करा. अन् कराच्या आधी वाचा. बाकी मी हावो." इतका सोपा पदभार मला पुढे कधीच मिळाला नाही.

उंच, काटकुळे, गालफडं बसलेली, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. वडिलांचं चंद्रपूरला कोटाच्या आतल्या गल्लीत शिलाईचं दुकान होतं. त्यामुळे की काय, माणूस दिसला की हबीबबाबू आधी त्याचं माप घेत. मोठा माणूस असेल तर 'लेकरं किती?' आणि लहान असेल तर 'कितवीत?' नाव-गाव नंतर. तालुक्यातल्या कुठल्या शाळेत किती बाक आहेत, कुठल्या वसतिगृहात किती खाटा आहेत, त्यातली मोडकी कुठली, हे त्यांना रजिस्टर न उघडता सांगता येई.

एकदा आम्ही बैठकीसाठी आलापल्लीच्या एसटीत बसलो होतो. पुढच्या सीटवर एक बाई आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. कंडक्टरने मुलीचं अर्धं तिकीट फाडलं आणि हबीबबाबू ताठ झाले.

"कंडक्टरसाहेब, हाफ तिकीट देल्लं तुमी. म्हंजे पोट्टी बारा वर्साच्या आतली. आज वार कोनता?"

"बुधवार."

"मंग हे शाळेत काऊन नाई?"

"बाबूजी, मी कंडक्टर आहो, हेडमास्तर नाई!"

मुलीची आई वळली. "दवाखान्यात नेऊन राह्यलो जी. पोट दुखते तिचं."

हबीबबाबू वरमले. गाडीने दोन नाले ओलांडले. मग हळूच पुढे वाकून म्हणाले, "बाई, रजेचा अर्ज देल्ला का?"

पण हबीबबाबू खरे कळायचे ते जूनमध्ये. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या तालुक्यात निवडणुकीसारखा धुमाकूळ असे. वर्ग भरला नाही तर तुकडी तुटते आणि तुकडी तुटली की मास्तर अतिरिक्त ठरतो. म्हणून आठवीची मुलं मिळवायला खाजगी शाळांचे मास्तर गावोगाव फिरत. कुणी वह्या देई, कुणी सायकलचं आमिष दाखवी. त्या धामधुमीत एकेका पोराचं नाव तीन-तीन शाळांत चढे आणि आत जंगलातल्या टोल्यावरच्या, म्हणजे पाच-पंचवीस घरांच्या वस्तीवरच्या पोरांचं नाव एकाही शाळेत चढत नसे. त्यात प्रत्येक शाळेचा कायदा वेगळा. एकीची मुदत पंधरा तारखेला संपे, दुसरीला उत्पन्नाचा दाखला लागे, तिसरीला दोन फोटो. आणि फोटोवाला होता तीस किलोमीटरवर.

यावर हबीबबाबूंनी एक उपाय काढला होता. शाळा उघडण्याआधी एक दिवस तालुक्यातल्या सगळ्या हेडमास्तरांना आपापल्या रजिस्टरांसकट सभागृहात बोलवायचं. सगळ्यांचा फॉर्म एक, मुदत एक, कागद तेवढेच. सातवी पास झालेल्या प्रत्येक पोराची यादी हबीबबाबूंनी सायकलवर फिरून स्वतः केलेली असे. यादीतलं एकेक नाव पुकारायचं आणि शेवटच्या नावाला शाळा मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. परिपत्रकावर सही गटशिक्षणाधिकारी साहेबांची असली तरी आतली भाषा हबीबबाबूंची असे. या बैठकीला ते 'पंगत' म्हणत.

"पंगतीत कोनी दोनदा वाढून घेते, कोनी उपाशीच उठते. बाई, वाढनाऱ्यानं नजर ठेवली पायजे."

माझी पहिली पंगत मी जन्मात विसरणार नाही. तेरा हेडमास्तर, एक पंखा आणि मध्ये उभे हबीबबाबू. लिलावाला बोली लागावी तशी नावं पुकारली जात होती, हात वर होत होते, पानं उलटत होती. मी साहेबांच्या जागी अध्यक्ष होते, पण दहाव्या मिनिटाला खुर्ची सोडून उभीच राहिले. बसवेचना!

"गणपत नैताम!"

एकदम तीन हात वर.

"वा! पोट्टा एक अन् शाळा तीन. एकीत डोकसं ठेवता, एकीत पाय, अन् पोट कोन्या शाळेत?" सगळे हसले. तिन्ही हेडमास्तर आपापलं रजिस्टर नाचवत भांडू लागले. हबीबबाबूंनी हात वर केला. "मी गणपतलेच इचारून आलो. तो म्हन्ते, जिथी वरन पातळ नाई तिथी जाईन."

दोन हात आपोआप खाली आले.

दुपारी तीनपर्यंत सगळी यादी संपली. एकच नाव उरलं. सुगंधा कुमरे.

तिचा टोला आत अठरा किलोमीटरवर. पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद, त्यामुळे वसतिगृहाशिवाय तिला शाळा नव्हती. सरकारी वसतिगृहात एका खाटेवर दोन मुली आधीच झोपत होत्या. उरलं गावातल्या एका खाजगी शाळेचं मुलींचं वसतिगृह. त्या शाळेचे हेडमास्तर वानखेडे सर रजिस्टर मिटून म्हणाले, "फुल आहे."

मी पाणी प्यायला बाहेर आले. व्हरांड्यात एक माणूस भिंतीला टेकून बसला होता आणि शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी, मांडीवर गाठोडं घट्ट धरून. सकाळपासून ती दोघं तिथेच होती.

"सुगंधाचे वडील का तुम्ही?"

"हो जी. आमच्या टोल्यावर सातवी पास झालेली हेच पयली." मग थोडं थांबून म्हणाला, "जागा नाई भेटली त घरी काम हाये. हिच्या मोठ्या बहिनीचं बी पाचवीच्या टायमाले तसंच झालं."

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती सभागृहाच्या दाराकडे बघत होती. मी पेला तसाच ठेवून वळले.

आत आले तर हबीबबाबूंनी वानखेडे सरांचं रजिस्टर उघडलेलं. एकेक नावावर बोट ठेवत चालले होते. बोट एका जागी थांबलं.

"सर, हे पोट्टी तुमच्या वसतिगृहात राह्यते?"

"राहते ना."

"हिचं घर त तुमच्या शाळेच्या भितीले लागून हाय. हिच्या घरचा कोंबडा रोज तुमच्या प्रार्थनेच्या टायमाले आरवते. मी सोता आयकलं."

सभागृहात हशा फुटला. वानखेडे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ती मुलगी संस्थेच्या कुणा पदाधिकाऱ्याची पुतणी होती आणि खाट फक्त कागदावर तिच्या नावची होती. मी म्हटलं, "म्हणजे जागा रिकामी आहे. लिहा सुगंधाचं नाव."

सरांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. "लिहितो की. पण आमच्या संस्थेचा नियम आहे मॅडम. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला गावात स्थानिक पालक हवा. दुखलं-खुपलं तर बोलवायचं कुणाला? आहे कुणी हिचं?"

व्हरांड्यात विचारलं. सुगंधाचा बाप पहिल्यांदाच या गावात आला होता. त्याला एसटी स्टँड आणि आमचं ऑफिस सोडून काही माहीत नव्हतं. तेरा हेडमास्तरांतला एकही वर बघेना. मीही बघितलं नाही, हे इथे सांगून टाकते. एका परक्या मुलीच्या दुखण्याखुपण्याला मी पुरी पडेन का, असा हिशेबी विचार माझ्या मनात आला होता.

"फॉर्म द्या," हबीबबाबू म्हणाले.

उभ्याउभ्याच त्यांनी लिहिलं. स्थानिक पालकाच्या पुढे स्वतःचं नाव आणि नात्याच्या रकान्यात 'मामा'.

वानखेडे सरांनी वाचलं. "शेख मामा अन् कुमरे भाची? हे कसं काय, बाबू?"

"सर, फॉर्मात मामाची जात इचारली नाई. नातं इचारलं."

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मी अध्यक्ष आहे हे विसरून मीही! हबीबबाबूंनी तेवढ्यात माझ्याकडे वळून सांगितलं, "बाई, ठरावात लिवा. पुढच्या सालापासून हे पालकाचं कलम तालुक्यातल्या कोन्याच वसतिगृहात ठेवाचं नाई. सगळ्यायले नियम एकच." मी लिहिलं. आधी वाचलं आणि मग सही केली.

बाहेर सुगंधाला बातमी सांगायला हबीबबाबू स्वतः गेले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आपल्या मोडक्या गोंडीत विचारलं, "निवा पोरोल बातल?" म्हणजे तुझं नाव काय. माझ्या माहितीत एवढा एकच प्रसंग, जिथे त्यांनी 'कितवीत' सोडून आधी नाव विचारलं. ती काही बोलली नाही. बापाने निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हाही ती रडली नाही. गाठोडं तेवढं आणखी घट्ट धरलं.

मला वाटलं, संपलं. सही झाली, जागा मिळाली, यादी पूर्ण झाली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी त्या वसतिगृहाच्या तपासणीला गेले. फाटकाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर हबीबबाबू बसलेले. इस्त्रीचा सदरा, टोपी, मांडीवर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. भोवती पाच-सहा मुली शेंगा फोडत एकदम बोलत होत्या. एकीचं गणित, एकीचा ताप, एकीच्या घरची म्हैस व्याली. ऑफिसात कुणाचं वाक्य पुरं होऊ न देणारा हा माणूस मान हलवत नुसता ऐकत होता.

अधीक्षिका म्हणाल्या, "दर रविवारी येतात. चार-पाच मुलींचे मामा आहेत ते. जुन्या फॉर्मांवरसुद्धा त्यांच्याच सह्या आहेत, वानखेडे सर ते कधी उघडून बघत नाहीत."

सुगंधा त्या घोळक्यात नव्हती. लांब, आंब्याखाली एकटी उभी होती.

घंटा झाली. मुली आत गेल्या. मी हबीबबाबूंशेजारी जाऊन बसले. ते आंब्याकडे बघत होते.

"सहा रविवार झाले, बाई. एक शबद बोलली नाई माह्यासंगं. जागा त भेटली, पन पोट्टीले करमून नाई राह्यलं. कधी कधी वाट्टे, मी यादी पुरी केली. तिचं काय केलं?"

त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "उन्हं उतरली. घरी नाही जायचं?"

"घरी कोन हाय? बिवी गेली त्याले पाच वर्सं झाले. लेकरू झालंच नाई." त्यांनी पिशवीतली टरफलं निवडून बाहेर टाकली. "घर सारं जागच्या जागी असते, बाई. मले कोनी काई मागत नाई. मीठ आना म्हनत नाई, खडू आना म्हनत नाई."

आम्ही उठलो. ते सायकलचं स्टँड काढत होते, तेवढ्यात फाटक करकरलं. सुगंधा बाहेर आली होती, एका पायात चप्पल, दुसरी हातात. ती सरळ हबीबबाबूंपाशी आली, हातातली चप्पल त्यांच्यापुढे धरली, भरभर गोंडीत काहीतरी बोलली आणि उत्तराची वाट न बघता एका पायावर लंगडत आत पळाली.

हबीबबाबू तुटक्या अंगठ्याच्या त्या चपलेकडे बघत राहिले.

"काय म्हणाली?"

"चप्पल तुटली म्हने!" त्यांचा आवाज चिरकला. "उद्या सकाळच्या आत शिवून पायजे म्हने, नाई त शाळेत कशी जाऊ? मले म्हने, बाई! मले!"

"पण आज रविवार आहे. मोची बसत नाही."

"त्याचं घर मले माईत हाय," ते म्हणाले. रिकाम्या झालेल्या पिशवीत त्यांनी ती चप्पल ठेवली, पिशवी हँडलला अडकवली, गाठ नीट बसली का ते दोनदा पाहिलं आणि टांग मारली. पंचावन्न वर्षांचा तो माणूस उतारावर घंटी वाजवत निघाला. रस्त्यात कुणीही नव्हतं.