करीमभाईंची चाळणी

करीमभाईंना कुणी पत्ता विचारला की ते आधी डोळे मिटायचे. मग हवेत बोट आपटत एकेक गोष्ट बंद करायचे. "नद्या बंद. जंगल बंद. शाळा बंद." डोक्यात नुसते रस्ते उरले की डोळे उघडून म्हणायचे, "हां, आता डावीकडे वळा." तोवर विचारणारा पानठेल्यावर चौकशी करून निघून गेलेला असायचा.

गडचिरोलीच्या आमच्या सरकारी कचेरीत ते अनुरेखक होते, म्हणजे नकाशे उतरवून काढणारे. उभी हयात ट्रेसिंग कागदावर शाईने नद्या काढण्यात गेली. निवृत्ती जवळ आली असताना इंटरनेटवरचा नकाशा आला, आणि हा गडी त्याच्या प्रेमातच पडला. रस्त्यांचा एक थर, नद्यांचा दुसरा, गावांचा तिसरा. हवा तो ठेवा, नको तो झाका. वर अट घातली की अटीत बसतील तेवढीच गावं उरायची. या सोयीला ते चाळणी म्हणत आणि ती सगळ्या जगाला लावत. साहेब ओरडून गेले की मला हळूच सांगायचे, "बाबू, काम द्यायची तारीख तेवढी ध्यानात ठेव. बाकीचा थर बंद करून टाक." लग्नपत्रिकेत तर ते फक्त जेवणाची वेळ शोधत.

एका मे महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं. पावसाळ्याआधी हिवतापाच्या औषधांची गाडी फिरणार होती. पाचपेक्षा कमी घरांची गावं गाळून यादी करायची. करीमभाईंनी खुशीत चाळणी लावली, यादी छापली. शुक्रवारी संध्याकाळी पडद्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"बाबू, नदीपलीकडचा टोला कुठी गेला?"

टोला म्हणजे जंगलातली लहानशी वस्ती. गावांची माहिती करीमभाईंनीच भरली होती, आणि या टोल्यापुढे घरांचा रकाना कोरा सोडला होता, कारण आता तिथे किती घरं उरलीत हे त्यांना ठाऊक नव्हतं. चाळणीला कोरा रकाना कळत नाही; तिने टोलाच गाळला. सोमवारी यादीवर सही होणार होती, आणि यादीत नाव नसेल तिथे गाडी जाणार नव्हती.

"अंदाजे दहा टाका ना," मी म्हटलं.

"अंदाज टाकाले मी काय ज्योतिषी आहो? मोजून येतो."

शनिवारी एसटीने आणि पुढे सात मैल पायी, हा सत्तावन्न वर्षांचा माणूस झोपड्या मोजायला गेला. मला रागही आला आणि हसूही. सोमवारी सकाळी ते पायाला फोड घेऊन हजर. रकान्यात अकरा भरले, यादी पुन्हा छापली, आणि साहेबांनी न वाचता सही ठोकली.

संध्याकाळी मी विचारलं, "एका टोल्यासाठी एवढी पायपीट काऊन केली?"

करीमभाई चष्मा पुसत बसले. "नोकरीत नवा होतो. मोजणीले गेलो अन् तिथीच हिवताप भरला. त्या टोल्यातल्या सोमीबाईनं आठ दिवस आपल्या खाटेवर झोपवून पेज पाजली. आता लय म्हातारी झाली, पण वळखलं मले. म्हणे, घरी कोण कोण आहे? मी म्हणलो, कोणीच नाई. तं म्हणे, मंग एकटा काऊन राह्यतं? इथीच राय."

एवढं सांगून ते हसले. मी सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो, पण घरी कोण आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"करीमभाई, आज जेवाले आमच्या घरी चला."

नकाशा सेव्ह झाला की नाही हे रोज तीनदा तपासणारा तो माणूस त्या दिवशी एकदाच बघून उठला.