रथास नवी ठिणगी बसविली त्याची बखर

“सूनबाई, रथ अडला तर त्यास बोल लावू नये; उतरावे, डेल्कोचे झाकण काढावे, पॉइंट पुसावे आणि पुन्हा बसावे,” ऐसे कैलासवासी थोरले महाराज सांगत असत, तो आवाज वेणूबाईसाहेबांचे कानी अजून होता. विघ्नहर्त्यास वंदून आणि कुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून पुढील मजकूर लिहिला असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य म्हणजे चार खोल्या, अंगण, तुळस आणि पत्र्याची पागा. पागेत थोरल्या महाराजांचा गोल दिव्यांचा, पेट्रोल पिणारा पांढरा रथ. आणि राज्यावर त्यांचे पुत्र भुजंगराव, कचेरीतून निवृत्त, काटकसरी आणि मानी. बाईसाहेब नेमाच्या. प्रातःकाळी स्नान करून देवापुढे लोकरीची धाबळी अंथरून बसावे, जप पुरा होई तो मुखातून शब्द काढू नये, संकष्टीस चंद्र पाहिल्यावाचून अन्न घेऊ नये, ऐसा त्यांचा क्रम.

ऐशात रथसप्तमीस हळदीकुंकू जाहले. सुवासिनी पुढील दाराने आल्या, आणि भिकूबाई मागील दारी उभी राहिली. ही भिकूबाई म्हणजे थोरल्या महाराजांचा सारथी धोंडजी याची विधवा. धोंडजीने हयात त्या रथावर घालविली, महाराजांस कैक वेळा समुद्रावर नेले आणि घरी येऊन लाटांची वर्णने केली. परंतु भिकूबाई त्या रथात कधी बसली नव्हती आणि समुद्रही तिने पाहिला नव्हता. बाईसाहेबांनी तिचे हाती तिळगूळ ठेविला, तेव्हा ती सहज बोलली की संकष्टीचे दुसरे दिवशी मुलगा परमुलखी घेऊन जातो, घरास कुलूप लागते, आता इकडे येणे होत नाही. ते ऐकून बाईसाहेबांचे मुखातून शब्द गेला, “संकष्टीला तुम्हांला आमच्या रथातून समुद्रावर नेईन.” भिकूबाई हसली. म्हणाली, “कशाला बाईसाहेब. धनी सांगायचे, त्यातच माझा समुद्र झाला.” परंतु शब्द गेला तो गेला.

मग बाईसाहेबांनी चाचणीस रथ बाहेर काढिला, तो समुद्रवाटेच्या खिंडीत तापला आणि बसला. ठिणगी पाडणारे जे दोन पॉइंट, डेल्को म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डब्यात एकमेकांस शिवणारे आणि सुटणारे, ते झिजून गेले होते. पुसावे तो चार पावले चालावे आणि पुन्हा बसावे. रावांची मर्जी खट्टू जाहली. त्यांनी फोनवर पाहून दूरच्या पेठेतून एक बिनपॉइंटचे विजेरी यंत्र मागविले, सर्वांत स्वस्त होते ते. तेही वेळेवर येईना. बाईसाहेब रोज फाटकाकडे पाहात, रोज दिव्यात तेल घालीत, आणि भिकूबाईच्या घरावरून जाताना पदर पुढे ओढून घेत. अखेर संकष्टीचे आदले दिवशी डबी आली. त्यात एक काळा ठोकळा, एक चुंबकाची चकती, तांबडी, पिवळी आणि काळी ऐशा तीन तारा, आणि परभाषेतील एक कागद. रावांनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचिला आणि जुने पॉइंट काढून ठोकळा आणि चकती बसविली. तांबडी तार चावीच्या विजेस, पिवळी ठिणगीस जोर देणाऱ्या कॉइलीस, येथवर यथास्थित जाहले. काळीपाशी घोडे अडले. कागदात लिहिले होते की ही अर्थास द्यावी. आणि खाली जाड अक्षरांत ताकीद होती की काळी-तांबडी उलट जोडल्यास ठोकळा तत्काळ जळेल.

राव म्हणाले, अर्थ म्हणजे पृथ्वी, यात काय विचारायचे, घराच्या अर्थिंगला आम्हीच खड्डा खणून मीठ-कोळसा घातला होता. भूमी ओली हवी, आणि अंगणात ओली माती ती एक तुळशीची. मग काळ्या तारेस लांब तार जोडून, तिचे टोक खिळ्यास गुंडाळून, तो खिळा वृंदावनात रोविला. बाईसाहेबांनी भक्तिभावे तांब्याभर पाणीही घातले. नंतर राव रथात बसले आणि चावी फिरविली, तो रथ घरघरला, पेटेना. पुन्हा फिरविली, पेटेना. कुंपणापलीकडून त्र्यंबकराव शेजारी हे पाहात होते. ते म्हणाले, “राव, लावलंत काय हे? मुळं धरली की फांदी आम्हांलाही द्या.” राव त्या रात्री जेवले नाहीत.

दुसरे दिवशी संकष्टी. बाईसाहेब जपास बसल्या, परंतु चित्त स्थिर होईना. ओठी नाम आणि डोळ्यांपुढे भिकूबाईच्या दाराचे कुलूप. मन आवरावे म्हणून त्यांनी धाबळीवर हात फिरविला. उघड्या भुईवर बसून जप करू नये, केलेला जप भुईत उतरतो, म्हणून खाली लोकर घालावी, ऐसे त्यांस आईने शिकविले होते. आणि हात तेथेच थांबला. रथही उघड्या भुईवर बसला नाही. त्याचे खाली चार रबरी चाके, म्हणजे तो आसनावर बसला आहे. अंगणातील माती त्याची भूमी नव्हेच. घराचे पाय मातीत असतात, रथाचे नसतात. मग त्याची भूमी ती त्याचेच लोखंडी अंग. इतके मनात येते न येते तो खिडकीतून रावांचा आवाज आला. ते कागदावरील ताकीद विसरून, रथाच्या तोंडात डोके घालून आपणांशीच बोलत होते, “काळी वर आणि तांबडी खाली. पलटून पाहू एकदा.”

बाईसाहेब उठून खिडकीशी गेल्या. नेम चालू, मुखातून शब्द काढणे नाही, म्हणून त्यांनी हात हालविला. रावांस वाटले तुळशीचे पाणी राहिले. म्हणाले घालतो घालतो. बाईसाहेबांनी धाबळी उचलून दाखविली, मग चाकांकडे बोट केले. रावांस वाटले चाकांची पूजा मांडतात. म्हणाले आधी पेटू तरी दे. आणि त्यांनी तांबडी तार सोडविली, काळीही सोडविली, आणि दोन्ही हातांत धरून अदलाबदल करू लागले. आता ठोकळा जळतो, दुसरा येई तो भिकूबाई गेलेली असते. बाईसाहेबांनी खिडकीचा गज धरिला. अनेक वर्षांचा नेम होता. त्या बोलल्या, “थांबावं.”

राव चमकले. त्या वेळी तो आवाज घरात कधी झालाच नव्हता. त्यांनी विचारिले, “जप?” बाईसाहेब म्हणाल्या, “पुन्हा करीन. काळी मातीत नको, रथाच्या अंगाला लावा. त्याची भुई तीच.” रावांनी चाकांकडे पाहिले, धाबळीकडे पाहिले, आणि मग म्हणाले की हे आमच्याही मनात येतच होते. बाईसाहेबांनी होकारार्थी मान हालविली. मग तांबडी पूर्ववत गेली, खिळा तुळशीतून निघाला, रावांनी एका स्क्रूभोवतीचा रंग खरवडून लोखंड उघडे केले आणि काळी तेथे आवळली. चावी फिरविली, रथ खोकला, थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. ठिणगीची वेळ जुळावी म्हणून रावांनी डेल्को हाताने तिळभर फिरविला, चावी पुन्हा दिली, आणि रथ पेटला तो पेटलाच राहिला.

तथापि रावांचे मन निःशंक होईना. ते म्हणाले, “स्वस्तातली वस्तू आहे. आठवडाभर अंगणात चालवून बघू. खिंडीत दगा दिला तर म्हातारीला घेऊन कुठं उभ्या राहाल?” भीती बाईसाहेबांसही तीच होती. त्या म्हणाल्या, “आठवड्यानं तिच्या दाराला कुलूप असेल.” बाईसाहेब पुन्हा स्नान करून धाबळीवर बसल्या, मोडलेला जप मुळापासून आरंभिला आणि पुरा केला, देवापुढे किल्ली ठेवून नमस्कार केला, आणि किल्ली उचलिली.

सारांश, त्या राज्यात ठिणगीचे प्रकरण या रीतीने जाहले. तार आपले जागी बसली, यंत्र टिकेल न टिकेल हे ईश्वर जाणे. दोन प्रहरी राव पागेचे दार धरून उभे राहिले, आणि वेणूबाईसाहेब हॉर्न न वाजविता, पहिल्या गिअरात, भिकूबाईच्या दाराकडे निघाल्या.