व्यंकटभाऊंची बोहनी

स्वतःच्या दुकानाचं शटर उघडायच्या आधी शेजाऱ्यांच्या दुकानांत जाऊन खरेदी करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आम्ही रोज पाहायचो. चाकूरच्या बसस्टँडसमोर आमची गाळ्यांची लाईन आहे. त्यात माझं पिको-फॉलचं दुकान, आणि अगदी टोकाचा गाळा व्यंकटभाऊंचा. कपाळाला अष्टगंध, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, अशी स्वारी सकाळी लाईनभर बोहनी करत निघायची. मेडिकलमधून चिकटपट्टी. बियाणेवाल्याकडून भेंडीच्या बियांची पुडी. शेत म्हणाल तर घरची तुळससुद्धा वाळलेली. बांगड्यावाल्या मामींकडून पुरुषमाणसानं काय घ्यावं? तर टिकल्यांचं पाकीट. माझ्याकडे हातरुमालाला पिको करून घ्यायचे. कधी कधी तर कालचाच रुमाल उसवून आणायचे. मला कळायचं, पण सकाळी सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला कोण बोलतंय!

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. व्यंकटभाऊंनी मात्र तिचं शास्त्र करून ठेवलं होतं. बोहनीला उधारी नाही, घासाघीस नाही, आणि मुख्य म्हणजे बोहनीचं गिऱ्हाईक माघारी लावायचं नाही, पदरचं घालावं लागलं तरी बेहत्तर. एकदा मामींनी सुट्ट्या पैशांवरून एका बाईला माघारी लावलं. हे पळत स्टँडवर गेले आणि त्या बाईला एसटीतून उतरवून घेऊन आले. मामींची बोहनी झाली, बाईची गाडी गेली. दुसरी गाडी लागेपर्यंत ती माझ्या बाकड्यावर बसून व्यंकटभाऊंच्या नावानं बोटं मोडत होती.

त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळी लाईन मानायची. त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. आमच्या ह्यांची कंबर निकामी झाली, ड्रायव्हरकी सुटली, म्हणून मी मशीन घेऊन गाळ्यात बसले होते. पहिलाच दिवस. दुपार टळली तरी चिटपाखरू फिरकलं नाही. मशीनवर कापड झाकून मी रडत बसले. तेवढ्यात व्यंकटभाऊ आले, रुमाल पुढे केला आणि म्हणाले, माझ्या हाताला लई गुण हाय, आता बगा. पिको होतोय न होतोय तोच दोन बाया साड्या घेऊन आल्या. झालं! लाईनभर बोभाटा झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला बोहनीला व्यंकटभाऊच पाहिजेत.

आणि खुद्द त्यांचा धंदा? काय सांगू बाई. आधी रसवंती टाकली, ती वळवाच्या पावसात बसली. पाण्याचे जार सुरू केले, त्याच उन्हाळ्यात बोअर आटलं. पत्रावळ्यांचं मशीन आणलं, ते नीट बसवून होईपर्यंत लॉकडाउन लागलं आणि लग्नंच बंद झाली. हेल्मेटची सक्ती होणार असं कुठून तरी ऐकलं आणि गाळा भरून हेल्मेटं आणली. सक्ती काही झाली नाही. त्यातल्या दोन हेल्मेटांत मामींनी कोथिंबीर लावली, ती मात्र झकास आली.

दर वेळी बुडाले की म्हणायचे, "उद्या कुटं पळून चाललाय व्हय?" नांदेडला एका उद्योजक मेळाव्याला गेले होते. तिथल्या वक्त्यानं सगळ्यांना खुर्चीवर उभं करून 'मी पडणार नाही' असं ओरडायला लावलं. खुर्ची प्लास्टिकची, आणि व्यंकटभाऊ अंगानं भरलेले. पायाला पट्टी बांधून परत आले ते महिनाभर आम्हाला ऐकवत होते, पडण्याला महत्त्व न्हाई, उठण्याला हाय. शोभावहिनी, त्यांची बायको, म्हणाली, ह्यांना चौघांनी उठवलं म्हणून बरं.

मला त्यांचा राग यायचा, खरं सांगते. माणसानं एकदा तरी कपाळाला हात लावून बसावं की नाही? गिऱ्हाईक नसलं की मी दोऱ्याच्या रिळांवर सुद्धा डाफरते. हा माणूस रिकाम्या गाळ्यात ताठ बसून रस्त्याकडे असा बघायचा, की आता कुणी तरी येणारच आहे. बघवायचं नाही. कधी कधी मी मुद्दाम पाठ करून बसायची.

शेवटचं दुकान आहेराचं. टॉवेल, टोप्या, उपरणी, ब्लाऊज पीस. पाणी आटेल, सक्ती टळेल, पण लग्नात टॉवेल-टोपी द्यायचं आपल्याकडे कोण सोडणार, असा हिशेब. लग्नं जोरात झाली. पण पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची टूम निघाली. लाईनीत कुणी पत्रिका द्यायला आलं, की व्यंकटभाऊ नवरा-नवरीचं नाव सोडून आधी सगळ्यात खालची ओळ वाचायचे. मग पत्रिका घडी घालून खिशात ठेवायचे आणि लग्नाला जाऊन जेवून यायचे.

लाईनीतले तरी घेतील, तर तेही नाही. मेडिकलवाल्यानं एक म्हण काढली होती, 'व्यंकटचा हात घ्यावा, माल घेऊ नये.' त्यांच्या दुकानातली वस्तू घरात आली की आपलाही धंदा बसतो म्हणे. मामींच्या भाच्याचं लग्न निघालं, तर मामी टॉवेलांसाठी लातूरला गेल्या. मी मेडिकलवाल्याशी त्या म्हणीवरून कडाकडा भांडले. तो म्हणाला, मग तुम्ही घ्या की. आमच्या घरी आहेर करण्यासारखं कार्य कुठं होतं?

वहिनीनं दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर दुकान चाललं तर चाललं, नाही तर तिच्या भावानं पुण्याला एका सोसायटीत वॉचमनचं काम बघून ठेवलं होतं. व्यंकटभाऊंनीच हे आम्हाला चहा पिताना सांगितलं. वर म्हणाले, शिट्टी वाजवायला काय, रसवंतीच्या वक्ताला घुंगरं वाजवलीच की. कुणालाच हसू आलं नाही.

दिवाळी आली तशी गेली. भाऊबीज झाली आणि कळलं, आजच संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीची तिकिटं काढलीत. त्या दिवशीही सकाळी अष्टगंध लावून, लाईनभर बोहनी करून ते माझ्याकडे आले. रुमाल पुढे केला. मी पिको करून दिला, त्यांनी पैसे ठेवले. मग टोकाच्या गाळ्याचं शटर वर गेल्याचा आवाज आला, उदबत्तीचा वास आला, आणि माझ्या मनात आलं की आज ह्यांची बोहनी आपण करायची. योगायोगानं माहेरी वास्तुशांतीही निघाली होती.

मी गेले आणि भावासाठी टॉवेल-टोपी द्या म्हणाले. ते लगबगीनं उठले. वरच्या फळीवरून हिरव्या काठाचा टॉवेल काढला, धूळ बसली नव्हती तरी झटकला, त्यावर टोपी ठेवून पिशवीत घातली. मी नोट पुढे केली. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. ही बोहनी नको."

मला वाटलं, पैसे नकोत म्हणतायत. म्हटलं, फुकट नेणार नाही.

"तसं न्हाई. लाईनीत काय मनतेत ते मला ठाऊक हाय. तुमचं दुकान आता कुटं चालायलंय. हितला माल नेऊन त्याला नाट कशाला लावायची?"

मी चिडले. असलं काही नसतं, आणि असलंच तर तुमच्या हाताला गुण आहे ना, मग त्याच हातानं द्या, असं बोलून गेले.

ते थोडं हसले. "हाताला कशाचा गुण ओ. त्या दिवशी तुमचं तोंड बगवलं न्हाई, म्हणून मनलो होतो. मग समदेच बोलवायले, कुणाला न्हाई मनावं? गुणाचं खोटं हाय, ताई. नाटीचं मातर मला खरं वाटायलंय."

इतक्या वर्षांत कधी त्यांच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. मला भांडता येतं, समजूत काढता येत नाही. मग त्यांचंच शास्त्र त्यांना सुनावलं, बोहनीचं गिऱ्हाईक माघारी लावायचं नाही, एसटीतून बाई उतरवली होती तुम्ही.

त्यांनी मान हलवली. पिशवीतून टॉवेल काढला, घडीवर घडी नीट बसवली, टोपी वेगळी केली आणि दोन्ही परत फळीवर ठेवलं. मी नोट हातात धरून उभीच. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले. पण आवाज रोजचाच होता.

"उद्या या, ताई," ते म्हणाले. "उद्या देतो."