खाली कोण?

तातू मेस्त्री नवी कॉट तपासत ते तिच्याखाली झोपून. वर बसून ती कुरकुरते का हेही ते बघत, पण ते उरकून टाकल्यासारखं. मग कानावरची पेन्सिल काढून ठेवत, जमिनीवर आडवे होत, कॉटखाली सरकत आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या कुशीवर वळत. खांदा वरच्या फळीला लागला नाही, की आतून पसंतीचा आवाज येई, "चलात." त्यानंतर फळ्यांच्या खालच्या अंगाला काचकागद घासत. तिथे कोणी बघत नाही, हे गिऱ्हाइकांनी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं होतं.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. काम तिथेच, राहणंही तिथेच. मी वर राहत असे आणि एका दैनिकात बातमीदार होतो.

माप घ्यायला गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वर कोण ता सांगू नकात. खाली कोण?"

एका खोलीत आठ-दहा माणसं राहत असताना हा प्रश्न वावगा नव्हता. कॉटवर एक झोपे, कॉटखाली दुसरा. बहुतेक जण सरळ सांगत: भाचा, गाववाला, तिसऱ्या पाळीचा पाहुणा. काही जणांना मात्र राग येई.

रागावलेल्या माणसाची मेस्त्रींना विलक्षण भीती वाटे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलेलं दिसलं, की ते चटकन दोन-तीन खिळे ओठांत धरत. तोंडात खिळे असलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. गिऱ्हाईक बोलून दमेपर्यंत मेस्त्री नुसती मान हलवत. बरेच जण दमत.

रंगराव जॉबर दमणाऱ्यांपैकी नव्हते. गिरणीत कोणाला कामावर घ्यायचं आणि कोणाला नाही, हे ते ठरवत. समोरच्या चाळीत रस्त्यावरच्या खोलीत ते आई आणि विधवा बहिणीसह राहत. मेस्त्रींना गाळा मिळाला होता तो त्यांच्याच शब्दावर. त्यांनी आईसाठी कॉट सांगितली. मेस्त्रींनी माप घेताना विचारलं, "खाली कोण?"

"कोण न्हाई," रंगराव म्हणाले. "माझ्या घरात कॉटखाली झोपायची पाळी अजून कुणावर आली न्हाई."

जुन्या कॉटखाली एक वळकटी होती आणि वळकटीवर फणी. बहीण, गंगू, भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. मेस्त्रींनी कॉट केली ती नेहमीपेक्षाही उंच.

चौथ्या दिवशी रंगराव गाळ्यात आले. मेस्त्रींनी खिळे तोंडात घातले.

"मी कॉट सांगितली हुती, माळा न्हवं. म्हातारी चढायची कशी? काय माकड हाय ती? उद्या दुपारी येऊन चारी पाय काप. न्हाईतर तुझी हत्यारं रस्त्यावर आणि तू बी."

मेस्त्रींनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन माझ्या दाराशी उभे राहिले. "चला माझ्यावांगडा. पेपरवाल्यासमोर तो मारूचो नाय."

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागल्या होत्या. नाक्यावर जमाव होता आणि जमावासमोर पोलिसांच्या गाड्या. मेस्त्रींनी तिकडे पाहिलं नाही. जमावापेक्षा आणि पोलिसांपेक्षा त्यांना रंगरावांची भीती अधिक जवळची होती. जिना चढतानाच त्यांनी खिळे तोंडात धरले.

"काप," रंगराव म्हणाले.

मेस्त्रींनी गुडघे टेकले आणि करवत पायाला लावली. हात मात्र पुढे सरकेना.

"मुहूर्त बघतोस का रं?"

त्याच वेळी खाली आरडाओरडा झाला. अश्रुधुराचा वास आला, मग गोळ्यांचे आवाज. गॅलरीतला माठ फुटला आणि पाणी उंबऱ्यावरून आत आलं. रंगरावांनी दार लोटलं. गंगूने म्हातारीला धरून कॉटखाली ओढलं. मेस्त्री मागोमाग गेले. मी भिंतीकडे ट्रंकेआड पडलो. रंगराव एवढे धिप्पाड, की कुठे मावावं हे त्यांना सुचेना.

"रंगा, आत सरक," म्हातारी म्हणाली. "तुझं ढुंगण भाईर हाय."

"सरकलो, आये."

भिंतीशी गंगू, मग म्हातारी, मेस्त्री आणि कडेला रंगराव, असे चौघे कुशीवर पडून होते. पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. जिन्यात कोणीतरी धावलं. म्हातारी काहीतरी पुटपुटत होती. रंगरावांच्या श्वासाचा आवाज मला ट्रंकेआड ऐकू येत होता. काही वेळाने ते तोंड भिंतीकडे करून वळले. खांदा कुठे अडला नाही. त्यांनी वरच्या फळीवरून हात फिरवला.

"खालनं बी गुळगुळीत केलंस?"

मेस्त्रींनी तोंडातले खिळे काढून मुठीत धरले. "फळयेच्या कुसळांत केस अडाकतत. बायल माणसाचे."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोणी नाय. वळकटीवर फणी होती."

भिंतीकडून गंगूचा आवाज आला. "जुन्या कॉटखाली रातभर एकाच कुशीवर पडाय लागायचं."

"मग बोलली न्हाईस कधी?"

"तुला?" गंगू म्हणाली.

बाहेर एक शिटी वाजली. मेस्त्री घाईने म्हणाले, "आजीक चढूक पायरी करून देतंय. रुंद करतंय, हात धरूक दांडी लावतंय. पाय कापूक सांगू नकात."

"हे काल का न्हाई बोललास?"

"काल तुमचा तोंड दिसत होता."

म्हातारी हसली. अशा वेळी ते हसणं भयंकर वाटलं. रंगराव हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं खाली कोण असतं रं?"

मेस्त्रींनी मुठीतले खिळे पुन्हा तोंडात घातले.

रस्ता शांत झाल्यावर आम्ही बाहेर पडलो. करवतीची खूण कॉटच्या पायावर उमटलीही नव्हती. संध्याकाळी मी कार्यालयात जाऊन गोळीबाराची बातमी लिहिली. तिच्यात ही कॉट आली नाही.

पायरी झाली. म्हातारी दांडी धरून तिच्यावरून चढू-उतरू लागली. गाळ्याचा विषय रंगरावांनी पुन्हा काढला नाही.

मेस्त्रींबद्दलची माहिती मला पुढे त्यांच्या एका गाववाल्याकडून मिळाली. मुंबईला नवे आले तेव्हा ते चुलतभावाच्या कॉटखाली झोपत. लग्नानंतर बायकोला घेऊन आले, तेव्हा दोघं त्याच कॉटखाली. काही दिवसांनी ती म्हणाली, "हयसर कूस वळूक गावणा नाय," आणि गावी परत गेली. खोली घेऊन मी तुला बोलावतो, असं मेस्त्रींनी तिला सांगितलं होतं. खोली मिळण्याआधीच गावी तापात ती वारली.

एका दुपारी स्टुलाचं विचारायला मी गाळ्यात उतरलो. मेस्त्रींची स्वतःची एक कॉट होती, ती मी तोवर नीट पाहिली नव्हती. वर साग रचलेला होता. मेस्त्री तिच्याखाली गाढ झोपले होते, भिंतीला चिकटून, कुशीवर. गाळाभर भुसा पसरला होता. त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाडलेली होती.