श्रद्धांजली विशेषांक (हयात आवृत्ती)

थोर माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं लिहायला वेळ पुरत नाही, म्हणून शहाणी संस्था ते आधीच लिहून ठेवते. राहात्याजवळच्या एका माध्यमिक विद्यालयात १९७२ साली हे तत्त्व पाळलं गेलं. पुढं जे झालं त्यात तत्त्वाचा काही दोष नव्हता.

विद्यालयाचं 'उगवती' हे हस्तलिखित वर्षातून एकदा निघे. संपादक मंडळात सतरा जण होते: सोळा सल्लागार आणि दहावीतली सारा शलमोन ओहोळ. सल्लागार सल्ला देत आणि सारा अंक लिहून काढी, कारण वाचता येईल असं अक्षर शाळेत तिचंच होतं. (विद्यार्थ्यांच्या लेखनाला चार पानं राखीव असत. त्यांतली दोन कोरी, शोभेसाठी.)

नोव्हेंबरात संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब गाडेकर यांना नगरच्या दवाखान्यात हलवलं. मंगळवारी शिपाई आसाराम तिथून एस.टी.नं परतला आणि म्हणाला, "काकासायबांचं काय खरं न्हाई." प्रमुख सल्लागार सूर्यभान वाकचौरे सरांनी हे विधान भूतकाळी धरलं. ते व्याकरण शिकवत.

तीन दिवसांत विशेषांक तयार झाला. अठ्ठेचाळीस पानांत 'न भरून येणारी पोकळी' एकोणतीस वेळा पडली आणि 'वटवृक्ष' सतरा वेळा उगवला. शेवटी अर्धं पान उरलं.

"तू पण लिही काहीतरी," सर साराला म्हणाले. "मोठं नको."

साराकडं मोठं नव्हतंच. तिनं काकासाहेबांना फक्त पंधरा ऑगस्टला, हारामागं पाहिलेलं. तिनं आईला विचारलं. मरियाबाई भाकरी थापत होत्या.

"बावीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "चौथीच्या म्होरं पोरी शाळंत जात न्हवत्या. ह्यो मानूस सायकलीवर दारोदार हिंडला. चौदा पोरी गोळा केल्या. आमच्या आळीत तवा कुनी पाय ठेवत न्हवतं. ह्यो आला, दारात बसला, पानी मागून प्याला. मी मागं बसून शाळंत गेले."

सारानं हे सहा ओळींत लिहिलं. त्यात एकही झाड नव्हतं.

शुक्रवारी काकासाहेब घरी आले आणि दोन भाकरी जेवले.

मंडळाची तातडीची सभा भरली. अंक जाळावा, लपवावा, की थोडी वाट पाहावी, असे तीन प्रस्ताव आले. तिसरा बहुमतानं मंजूर होतोय तोच कळलं, की आसारामानं दुपारीच काकासाहेबांना सगळं सांगितलंय आणि त्यांनी अंक मागवलाय. वाकचौरे सरांनी राजीनामा लिहिला आणि त्यातल्या दोन वेलांट्या सुधारून खिशात ठेवला.

काकासाहेबांनी अठ्ठेचाळीस पानं वाचली. "मी एवढा चांगला हुतो," ते सरांना म्हणाले, "मंग इतके दिस कुनी बोललं कसं न्हाई?" त्यांनी दोनच दुरुस्त्या सुचवल्या. पान अकरावर 'विद्वान' राहून गेलं होतं. आणि साराच्या ओळींत सायकलऐवजी जीप असावी, अध्यक्षांना ती शोभते. शिवाय शोकसभाही होऊन जाऊ द्यावी. सोमवारी त्यांना सवड होती.

"जीप कर," सर साराला म्हणाले. "एका शब्दानं काय बिघडतंय?"

"सर, आमच्या बोळात जीप शिरतच न्हाई."

"मंडळाचा निर्णय आहे. सोळा विरुद्ध एक."

सारा पान घेऊन घरी गेली. अंकात मजकुराखाली तिचं नाव पहिल्यांदाच येणार होतं आणि ते खोडायला एक रेघ पुरली असती. "आई, जीप लिहू?"

"लिही की," मरियाबाई म्हणाल्या. "मंग मी कशावर बसून गेले, त्ये बी त्यांलाच इचार."

सारानं पान तसंच ठेवलं.

सोमवारी शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी स्वतः कैलासवासी होते. हार आधी फोटोला घातला, मग फोटोच्या मालकाला. दोन मिनिटं स्तब्धता पाळताना काकासाहेब सर्वांत आधी उठले आणि त्यांनी टोपीही काढली. चौदा भाषणं झाली. मग सारा उभी राहिली. तिनं सहा ओळी वाचायला घेतल्या. 'सायकल' आली तसे वाकचौरे सर मोठ्यानं खोकले. शब्द ऐकू गेला नसेल असं वाटून तिनं तो पुन्हा वाचला.

काकासाहेबांनी हात वर केला. सभेत पहिल्यांदाच खरी स्तब्धता पसरली.

"घंटी न्हवती तिला," ते म्हणाले. "तोंडानंच टिंग टिंग करत गेल्तो. मागं बसलेली मरिया लई हसली हुती."

त्यांनी टोपीनं डोळे पुसले आणि ते खाली बसले. अध्यक्षीय भाषण, जे सरासरी सव्वा तास चाले, झालंच नाही. (विद्यार्थी हे त्यांच्या प्रमुख शैक्षणिक कार्यांत धरतात.)

बातमी तालुकाभर गेली. मार्चपर्यंत सत्तावीस मान्यवरांनी आपापल्या हयात विशेषांकाची मागणी केली. सारानं त्यांच्यासाठी छापील अर्ज करवून घेतला: नाव, पद, विशेषणं (कमाल चाळीस), पसंतीचा वृक्ष. शेवटचा रकाना असा: 'न बोलावता कुणाच्या दारात त्याच्या भल्यासाठी गेला असाल, तर ते एक दार.'

सत्तावीसही अर्ज भरून आले. शेवटचा रकाना सव्विसांनी कोरा सोडला होता. सत्ताविसाव्यानं तिथं 'सोबत फोटो जोडला आहे' असं लिहिलं होतं.

वाचकांचं हसून झालं असेल तर त्यांनीही तो रकाना भरून पाहावा. जागा एकाच ओळीची आहे. ती अपुरी पडल्याची तक्रार अजून कुणाची आलेली नाही.